संगणकाची बेगमी

मृग लागण्यापूर्वी विंझरला गेलात, तर घरोघरी एकच लगबग दिसेल. पडवीत लाकडे रचली जात असतात, गोवऱ्या कोरड्या जागी हलवल्या जातात, डाळ-मीठ-मिरचीचे डबे उघडून पाहिले जातात. विंझर हे पुणे जिल्ह्यातले, नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले याच मुलखात. या भागात पाऊस एकदा कोसळू लागला, की चिमूटभर मिठासाठी नसरापूरच्या बाजाराची वाट धरणे कोणाला परवडेल? म्हणून लागणारी वस्तू लागण्याआधीच घरात आणून ठेवायची. याला आपण बेगमी म्हणतो.

मित्रांनो, संगणकही बेगमी करतो. फरक एवढाच, की तो लाकडे आणि मीठ साठवीत नाही. तो उत्तरे साठवतो. एकदा मोठ्या कष्टाने मिळवलेले उत्तर तो जवळ ठेवून देतो आणि तोच प्रश्न पुन्हा आला, की पुन्हा कष्ट न करता ठेवलेले उत्तर काढून देतो. या साठ्याला संगणकाच्या भाषेत ‘कॅश’ म्हणतात. खिशातली रोकड ती वेगळी, बरे का! हा शब्द ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला आहे. मॉरिस विल्क्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये ही कल्पना एका लहानशा लेखात मांडली, तेव्हा त्याने अशा साठ्याला ‘दास स्मृती’ अशा अर्थाचे नाव दिले होते. पुढे १९६८ मध्ये आयबीएम कंपनीने ‘३६०’ मालिकेतला ‘८५’ क्रमांकाचा संगणक जाहीर केला. त्यात ही युक्ती होती आणि ‘कॅश’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले.

ही बेगमी करण्याएवढे कष्ट असतात तरी कोणते? एक गंमत करू. संगणकाच्या स्वतःच्या स्मृतीतून एखादी नोंद काढायला साधारणपणे १०० नॅनोसेकंद लागतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. एवढ्या लहान काळाची कल्पना करणे अवघड, म्हणून सगळेच १ कोटी पटीने ताणू. आता स्मृतीतली नोंद काढायला १ सेकंद लागला. स्वयंपाकघरातल्या फळीवरचा डबा काढावा, तसा. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक चकतीवरची फाईल वाचायला याच मापाने सुमारे १७ मिनिटे लागतील; म्हणजे गावातल्या दुकानात जाऊन येण्याइतका वेळ. जुन्या, फिरणाऱ्या चकतीला १ दिवसाहून थोडे अधिक. आणि दूरच्या शहरातल्या संगणकाला तारेवरून किंवा मनोऱ्यावरून विचारून उत्तर आणायचे, तर नेटवर्क चांगले असतानाही २३ दिवस! नेटवर्क रडत-रखडत चालत असेल, तर विचारूच नका. दुकानात मिळणाऱ्या वस्तूसाठी कोणी २३ दिवसांची पायपीट करील काय?

तुम्ही म्हणाल, मग सगळे स्मृतीतच का ठेवू नये? फळीवरचा डबा तर सर्वांत जवळचा. खरे आहे, पण वीज गेली, की संगणकाची ही स्मृती पाटीसारखी कोरी होते. आणि डोंगरातल्या गावात, ऐन पावसाळ्यात वीज जाणे म्हणजे काय, हे तुम्हांला मी सांगायला नको. फाईल मात्र चकतीवर राहते. वीज आली, संगणक पुन्हा सुरू झाला, की ठेवलेले उत्तर जिथल्या तिथे. म्हणून फाईलमध्ये ठेवलेली बेगमी थोडी सावकाश मिळाली, तरी भरवशाची.

आता हे प्रत्यक्ष करून पाहू. समजा, विंझरच्या मुलांनी शाळेतल्या संगणकासाठी एक आज्ञावली लिहायचे ठरवले. गावाचे नाव दिले, की ती हवामानाचा अंदाज आणून दाखवते. आज्ञावली पायथॉन भाषेत लिहा किंवा पीएचपीमध्ये, विचार एकच. वर्गात ४० मुले आहेत. प्रत्येकाने दिवसातून एकदा अंदाज पाहिला आणि दर वेळी नेटवर्कवरून तो यायला ४ सेकंद लागले, तर झाले १६० सेकंद. त्याऐवजी पहिल्या मुलाने मागितलेला अंदाज फाईलमध्ये ठेवला आणि बाकीच्या ३९ जणांना फाईलमधून दिला, दर वेळी सेकंदाचा पन्नासावा भाग धरून, तर सगळे मिळून ५ सेकंदांतही काम होते. ज्या दूरच्या संगणकाला ४० वेळा त्रास झाला असता, त्याला तो एकदाच होतो. असा त्रास देणाऱ्या शाळा हजारो असतील, हेही ध्यानात घ्या.

यासाठी लागणारी आज्ञावली मराठीत मांडली तर अशी दिसेल :

विचार (प्रश्न, मुदत) :
　　नाव = ठसा (प्रश्न)
　　या नावाची फाईल असेल आणि तिचे वय मुदतीपेक्षा कमी असेल, तर
　　　　फाईलमधला मजकूर दे आणि थांब
　　उत्तर = दूरच्या संगणकाकडून आण
　　उत्तर त्या नावाच्या फाईलमध्ये ठेव
　　उत्तर दे

संपले! अशा काही तयार आज्ञा एकत्र बांधून ठेवल्या, की त्या गाठोड्याला ‘लायब्ररी’ म्हणतात. इथे पुस्तके नसतात. दुसऱ्याने एकदा नीट लिहून, तपासून ठेवलेल्या आज्ञा असतात आणि आपण त्या नुसत्या नावाने बोलवायच्या. पीएचपी भाषेत ‘कॅश लाइट’ नावाची अशी एक छोटीशी लायब्ररी आहे. तिचे काम एवढेच : उत्तर फाईलमध्ये ठेवणे आणि मुदतीच्या आत मागितले तर काढून देणे. तुम्ही वेगळे काही सांगितले नाही, तर ती ३,६०० सेकंदांची, म्हणजे १ तासाची मुदत धरते.

वरच्या सहा ओळी वाचून ‘हे तर सोपे आहे’ असे वाटले असेल. मलाही तसेच वाटले होते. अशी पहिली आज्ञावली मी लिहिली, तेव्हा फाईलला नाव दिले ‘अंदाज’. प्रथम पुण्याचा अंदाज मागितला. कोरडे हवामान, ऊन. मग विंझरचा मागितला. तेही कोरडे, ऊन! बाहेर पाहावे तर राजगड ढगांत बुडालेला. चूक कोठे झाली, हे कळायला मला अर्धा दिवस लागला. प्रश्नात गावाचे नाव होते, पण फाईलच्या नावात ते नव्हते. त्यामुळे विंझरच्या प्रश्नाला पुण्याचे उत्तर निमूटपणे काढून दिले जात होते. पुणे शहर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. तेथे वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. वेल्ह्याचा पश्चिमेकडचा भाग घाटमाथ्याला लागून. तेथे याच्या कितीतरी पट. एकाचे उत्तर दुसऱ्याला देऊन कसे चालेल? उत्तर ज्या ज्या गोष्टीने बदलते, ती प्रत्येक गोष्ट फाईलच्या नावात उतरली पाहिजे. गाव, तारीख, मिलिमीटर की इंच, मराठी की इंग्रजी, सगळे.

पण इतके लांबलचक नाव फाईलला द्यायचे कसे? शिवाय प्रश्नात तिरपी रेघ आली, तर संगणक तिला फाईलच्या नावाचा भाग न समजता कप्प्याची खूण समजतो. यावर उपाय ‘ठसा’. प्रश्नातली सगळी अक्षरे एका ठरावीक गणितातून घोळून काढायची, की एक ठरावीक लांबीचा आकडा मिळतो. कॅश लाइट ज्या ‘एमडी ५’ पद्धतीने ठसा काढते, तिच्यात हा आकडा ३२ चिन्हांत लिहिला जातो. तोच प्रश्न दिला, की तोच ठसा. एक काना बदलला, की ठसा पार वेगळा. असे किती ठसे संभवतात? २ चा १२८ वा घात. ही संख्या ३९ अंकी आहे. म्हणून दोन वेगळ्या साध्या प्रश्नांचा ठसा योगायोगाने एकच येण्याची धास्ती बाळगायला नको. (कोणी मुद्दाम खोडसाळपणे सारखे ठसे घडवू शकतो, हे मात्र २००४ मध्ये दाखवून दिले गेले. त्यामुळे कुलूपबंद गुप्त कामासाठी एमडी ५ आता वापरत नाहीत. फाईलला नाव द्यायला ती पुरेशी आहे.)

दुसरी अडचण विजेची. उत्तर फाईलमध्ये लिहीत असताना, नेमके अर्धे लिहून झाले आणि दिवे गेले, तर? चकतीवर अर्धी फाईल राहते. तिचे नाव बरोबर, तिचे वय कोवळे. आज्ञावली ती बिनदिक्कत उचलते आणि ‘मुसळधार पावसाची शक्यता नाही’ या वाक्यातले ‘मुसळधार पावसाची शक्यता’ एवढेच दाखवते. किंवा याच्या उलट काही. नासके उत्तर हे उत्तर नसण्यापेक्षा वाईट, कारण उत्तर नसले तर निदान आपण पुन्हा विचारतो.

यावरची युक्ती फार सुंदर आहे आणि ती तुम्ही जरूर वापरा. उत्तर कधीही थेट खऱ्या नावाच्या फाईलमध्ये लिहू नका. आधी कच्च्या नावाने दुसरी फाईल उघडा. तीत सगळे लिहा. मजकूर खरोखरच चकतीवर उतरला ना, याची खात्री करणारी आज्ञा द्या. मग, अगदी शेवटी, कच्चे नाव पुसून खरे नाव द्या. एकाच चकतीवर नाव बदलणे ही क्रिया संगणक एका झटक्यात करतो. ती अर्धी होत नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला एकतर जुनी पूर्ण फाईल मिळते, नाहीतर नवी पूर्ण फाईल मिळते. मधले काही नाही. पायथॉनमध्ये अशा बदलीसाठी वेगळी आज्ञाच आहे. कॅश लाइटची रीत निराळी : ती फाईलच्या आरंभी मजकुराच्या बेरजेसारखी एक तपासणीची खूण लिहून ठेवते आणि वाचताना ती पुन्हा काढून ताडून पाहते. जुळली नाही, तर फाईल नाहीच असे समजते. पोत्याला शिवण घालून वजनाची चिठ्ठी बांधावी आणि उघडताना पुन्हा काट्यावर ठेवावे, तसे.

आता खरी अवघड गोष्ट. वरच्या आज्ञावलीत ‘मुदत’ हा शब्द मी हळूच घालून दिला आहे. ती किती असावी?

याचे उत्तर संगणकाला ठाऊक नसते. ते संगणकाच्या पुस्तकातही सापडत नाही. तोरण्याची उंची १,४०३ मीटर. ही नोंद फाईलमध्ये ठेवली, तर तुमच्या नातवंडांनाही चालेल. विंझरची १५ ऑगस्टची सूर्योदयाची वेळ वर्षानुवर्षे मिनिटाभरापलीकडे हलत नाही. गुंजवणी धरणातला पाणीसाठा पावसाळ्यात रोज बदलतो. हवामान खात्याचा तात्कालिक अंदाज तर पुढच्या ३ तासांपुरताच असतो. त्याला १ दिवसाची मुदत देणे म्हणजे फसवणूक. आणि काही गोष्टी कधीच बदलणार नाहीत असे वाटत असताना बदलतात. तालुक्याचे नाव कोणाला बदलेलसे वाटते? पण मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास मान्यता दिली. ज्या ज्या फाईलमध्ये ‘कायमचे’ म्हणून जुने नाव लिहिलेले असेल, त्यांना हे आपोआप कसे कळावे? माणसेही अशी बेगमी करतात, बरे का. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून पुणेकर त्या इमारतीला ‘सिमला ऑफिस’ म्हणू लागले. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले. नाव अजून तेच!

मुदत ठरवण्याची ही डोकेदुखी संगणकाच्या फार पूर्वीची आहे. तुमच्या घरात भिंतीवर कॅलेंडर असेल. त्यावर तिथी, सूर्योदय, ग्रहणे छापलेली असतात. कोणीतरी एकदा गणित करून ठेवले आणि आपण ते वर्षभर नुसते वाचतो. ही कागदावरची बेगमीच. आणि या कामातला आपला सर्वांत मोठा माणूस म्हणजे कोकणातल्या नांदगावचा गणेश दैवज्ञ.

ग्रहांची स्थाने काढायची, तर पूर्वी कलियुगाच्या आरंभापासून गेलेले दिवस मोजत. गणेशाच्या काळी ही संख्या १६ लाखांच्या पुढे गेली होती. एवढ्या संख्येने गुणाकार-भागाकार करीत बसायचे, तेही प्रत्येक ग्रहासाठी! गणेशाने १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला. त्यात त्याने ४,०१६ दिवसांचे, म्हणजे सुमारे ११ वर्षांचे, एक चक्र धरले. आरंभीच्या दिवशी ग्रह कोठे होते आणि एका चक्रात किती फरक पडतो, हे आकडे त्याने आधीच काढून ठेवले. आता गणिताला ४,०१६ पेक्षा मोठा दिवसांचा आकडा कधी लागतच नाही. १५२५ मध्ये त्याने ‘तिथिचिंतामणी’त तयार कोष्टकेच दिली, पंचांग करणाऱ्याने ती पाहावीत आणि थोड्या बेरजा कराव्यात. गावोगावच्या जोशांचे काम इतके हलके झाले, की पुढली तीन शतके आणि त्याहूनही पुढे हे ग्रंथ वापरात राहिले.

पण ठेवलेल्या आकड्यांत बारीकशी चूक असली, तर ती दर चक्रागणिक वाढत जाते. घड्याळ रोज १ सेकंद मागे पडत असेल, तर महिन्याभरात अर्धे मिनिट, १० वर्षांत १ तास. एकोणिसाव्या शतकापर्यंत गणित एक सांगे आणि आकाश दुसरेच दाखवी. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी युरोपातल्या वेधशाळांच्या आधारे नवे आकडे घेतले आणि १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. त्या आधारावर १८६५ पासून नवे पंचांग निघू लागले. लोकांनी ते लगेच डोक्यावर घेतले असे नव्हे. जुन्या कोष्टकांची सवय मोडणे सोपे नसते. मला यात गणेशाचा दोष दिसत नाही. त्याने बेगमी उत्तम केली होती. तिच्यावर मुदत लिहिलेली नव्हती, एवढेच.

आपल्या शाळेच्या आज्ञावलीकडे परत येऊ. अंदाजाला १ तासाची मुदत दिली आणि शाळा ६ तास भरली, तर दूरच्या संगणकाला ६ वेळा विचारावे लागेल. ६ वेळा ४ सेकंद आणि उरलेल्या ३४ जणांना सेकंदाचा पन्नासावा भाग. सगळे मिळून २५ सेकंदांच्या आत. पाच सेकंदांपेक्षा जास्त, पण १६० पेक्षा कितीतरी कमी, आणि कोणालाही तासापेक्षा जुना अंदाज मिळत नाही. हा सौदा मला पटतो.

एक प्रसंग मात्र उरतो. ऑक्टोबर महिना आहे. भात कापून शेतात वाळत पडले आहे. आज गोळा करायचे, की उद्यापर्यंत उन्हात राहू द्यायचे? घरी वडील विचारतात, “बघ रे, पाऊस आहे का?” तुम्ही आज्ञावली चालवता. फाईलची मुदत संपलेली आहे आणि नेटवर्क गेलेले आहे. आता काय?

आपल्या सहा ओळींची आज्ञावली येथे अडून बसेल. नवे उत्तर येत नाही आणि जुने ती देत नाही. काही आज्ञावल्या याच्या उलट करतात : जुने उत्तर ताजे असल्यासारखे दाखवून मोकळ्या होतात. पहिली निरुपयोगी, दुसरी वर्षभराच्या भाताशी खेळणारी. मग कोणती बरी?

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडावरच्या पाण्याचा विचार केला आहे. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात. म्हणून दोन-चार टाकी-तळी वेगळी राखावीत आणि त्यांतले पाणी एरवी खर्च होऊ देऊ नये. अशा पाण्याला त्यांनी जखिऱ्याचे पाणी म्हटले आहे. मुदत संपलेली फाईल ही आपली जखिऱ्याची फाईल. ती लगेच पुसून टाकू नका. झरा वाहता असेपर्यंत तिला हात लावू नका. झरा आटला तर ती काढा, पण ती कधीची आहे ते सांगून काढा. त्यासाठी आज्ञावलीत ‘दूरच्या संगणकाकडून आण’ या ओळीनंतर आणखी एक अट घालावी लागेल : उत्तर आले नाही, तर जुनी फाईल तिच्या वेळेसह दाखव. मग पडद्यावर असे उमटेल : ‘विंझर. उद्या दुपारनंतर गडगडाटासह पाऊस. हा अंदाज काल सायंकाळी ६ वाजताचा आहे.’

म्हणजे ‘उद्या’ म्हणजे आज. भात गोळा करायला कोण कोण येते ते पाहा.